अजगराला घोंगडी का पुरत नाही?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यावर बर्फाचे वादळ आले. एरवी उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या डॅलस शहरात १६ तारखेला पारा शून्याखाली १९ अंशांपर्यंत उतरला, आणि त्याच दिवसांत राज्यातील सुमारे ४५ लाख ग्राहकांची वीज गेली. लोकांनी अंगावर कोट चढवले, कुत्र्यामांजरांना कुशीत घेतले. पण काही घरांत काचेच्या पेटीत बॉल पायथन हा छोटा आफ्रिकी अजगर पाळलेला असतो. पेटीतला ऊब देणारा दिवा विझला, तर त्याचे काय करायचे?

त्याच्यावर घोंगडी टाकावी, असे तुम्हांला चटकन वाटेल. पण घोंगडी स्वतः ऊब देत नाही. आपल्या शरीरात तयार झालेली उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. साप मुळात उष्णता फारच थोडी निर्माण करतो, मग अडवायचे काय? गारठलेला साप रजईत गुंडाळणे म्हणजे गार भाताचे पातेले दुलईत ठेवून वाफेची वाट पाहणे! (काही जातींच्या अजगरांत अंडी उबवणारी मादी स्नायू आखडून स्वतःला तापवते, पण तो अपवाद.)

घाना, टोगो, बेनिन या उष्ण देशांतला हा साप. त्याच्या पेटीचे एक टोक ३२° सें.च्या आसपास, तर दुसरे २६° सें.च्या आसपास ठेवतात. हवे तेव्हा इकडून तिकडे सरकून तो स्वतःचे तापमान सांभाळतो. थंडीत त्याचे पचन थांबते आणि पोटातला उंदीर कुजू लागतो. म्हणून वादळाची सूचना मिळताच जाणकार त्याचे खाणे बंद करतात. उपास त्याला जड जात नाही. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागते त्याच्या साधारण दहावा हिस्सा ऊर्जा त्याला पुरते.

मग ऊब आणायची कोठून? गरम पाण्यातून. साप कापडी पिशवीत घालून, बारीक भोके पाडलेल्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवायचा, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटल्या. आता थोडा ढोबळ हिशेब करू. पेटी ६० × ३५ × २० सें.मी., थर्मोकोल ३ सें.मी. जाड, आत २७° आणि खोलीत ७° असेल, तर पेटीतून तासाला सुमारे १६ किलोकॅलरी उष्णता निसटते. एक लिटर पाणी एक अंशाने निवले की एक किलोकॅलरी मिळते. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या ४०° वरून ३०° वर आल्या, तर ४० किलोकॅलरी मिळतील. म्हणजे अडीच तासांची बेगमी. त्यानंतर पाणी बदलायचे. घोंगडी पेटीवर बाहेरून टाकली, तर हा वेळ आणखी वाढेल. इथे मात्र ती खरोखर उपयोगी पडते, कारण आता अडवायला उष्णता आहे!

पाणी उकळते नको. अंग भाजत असूनही साप तप्त वस्तूला चिकटून राहतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. लोखंडाच्या भुकटीच्या तयार ऊब-पुड्याही मिळतात. पण लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन वापरते, म्हणून त्या बंद पेटीत ठेवू नयेत. आणि घरात कोळशाची शेगडी किंवा जनित्र तर मुळीच नको. टेक्ससमध्ये त्या वादळाने राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसे दगावली. त्यांतली काही थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायूने.

थंडी सापाला खरोखर मारते का? जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात कडाका पडला, तेव्हा रेडिओ-खूण बसवून मोकळ्यावर सोडलेल्या १० ब्रह्मी अजगरांपैकी ९ मेले. याउलट उत्तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक दर हिवाळ्यात बिळात स्वस्थ पडून राहतो. साप सारे सारखे नसतात.

(आपल्याकडे नाग, धामण, अजगर पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा प्रयोग करायचाच, तर पेटीत सापाऐवजी तापमापक ठेवा आणि दर अर्ध्या तासाने नोंद घ्या.)

वीज परत आली की सापाला एकदम दिव्याखाली ठेवत नाहीत. काही तासांत हळूहळू तापमान वाढवतात, आणि तो नेहमीसारखा हिंडूफिरू लागल्यावर काही दिवसांनी एखादा लहानसा उंदीर देतात.