वहीत कोण डोकावणार?

कॉलेजातलं पहिलं गणित हे गळतीचं ठिकाण आहे. अमेरिकेत त्याचं नाव ‘कॉलेज अल्जिब्रा’, आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पोरांच्या तोंडी ‘एम-वन’. तिथे अडखळलेला मुलगा पुढच्या चार विषयांत अडखळतो, केटी घेऊन वर्ष ढकलतो, नाहीतर शाखाच बदलतो. साहजिकच ऑनलाइन शिक्षणाची लाट आली तेव्हा हे औषध आधी याच दुखण्यावर लावून पाहावं, असं अनेकांना वाटलं. एकच उत्तम शिक्षक, एकच उत्तम व्याख्यान, ते हजारोंनी हवं तेव्हा, हवं तितक्यांदा ऐकावं आणि फी नाममात्र असावी, यात वावगं काय? वावगं काहीच नाही. पण पहिल्या वर्षाच्या गणितात व्याख्यानाची टंचाई कधीच नव्हती. टंचाई असते ती विद्यार्थ्याची वही बघणाऱ्या माणसाची. ऑनलाइन अभ्यासक्रम चालतो की फसतो, हे त्या माणसाची सोय केली आहे की नाही यावर ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत मिळतो. सेबॅस्टियन थ्रुन या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली आणि त्यांतले सुमारे २३ हजार शेवटपर्यंत टिकले. या यशावर थ्रुनने ‘युडॅसिटी’ ही कंपनी काढली. जानेवारी २०१३ मध्ये राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत सॅन होजे स्टेटने तिच्याशी करार जाहीर केला. विषय तीन ठरले: कच्च्या मुलांसाठी पायाभूत गणित, कॉलेज अल्जिब्रा आणि प्राथमिक संख्याशास्त्र. फी प्रत्येकी १५० डॉलर, म्हणजे तिथल्या मानाने किरकोळच. विद्यार्थ्यांत निम्मे विद्यापीठाचेच होते, बाकीचे बाहेरचे, आणि त्यांत ओकलंडच्या शाळेतली मुलंही होती. पायाभूत गणिताला तर विद्यापीठाने असेच विद्यार्थी बसवले, जे नेहमीच्या वर्गात एकदा नापास झाले होते. सत्र संपलं तेव्हा संख्याशास्त्रात निम्मे पास झाले होते. बीजगणितात आणि पायाभूत गणितात मात्र साधारण चौघांतला एक. जुलैमध्ये विद्यापीठाने पुढच्या सत्रापुरता हा प्रयोग थांबवला.

त्याच उन्हाळ्यात तेच अभ्यासक्रम पुन्हा चालवले होते आणि त्यांचे निकाल एकदम सुधारले. बीजगणितात सत्तर टक्क्यांहून अधिक पास झाले, संख्याशास्त्रात ऐंशीहून अधिक. हे ऐकून काहींनी टाळ्या वाजवल्या. पण उन्हाळी विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आधीच पदवीधर होते. ज्याला स्वतःच्या जिवावर शिकायची सवय आहे त्याला व्हिडिओ पुरतो, एवढंच त्यातून कळलं. पायाभूत गणिताचा, म्हणजे ज्यांना खरी गरज होती त्यांचा निकाल तेव्हाही तीस टक्क्यांच्या आसपासच राहिला. त्या पहिल्या सत्राची पुढे बारकाईने छाननी झाली, त्यात यशाशी सर्वांत घट्ट नातं विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष मेहनतीचं दिसलं: त्याने किती गणितसंच सोडवून दिले, यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त अवलंबून होतं. मदत उपलब्ध होती, पण ती आहे हे अनेकांना नीट ठाऊकच नव्हतं. शाळकरी मुलांपैकी काहींकडे तर सुरुवातीला संगणकच नव्हता. संगणकाशिवाय ऑनलाइन बीजगणित कसं करायचं, हा प्रश्न आधी कुणाला पडला नाही, हे नवलच.

व्हिडिओ पाहून गणित आल्यासारखं का वाटतं, याला मानसशास्त्रात चांगलं उत्तर आहे. मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या शिकागोच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये काही गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केले. ताटं-पेले तसेच ठेवून खालचा टेबलक्लॉथ झटक्यात ओढून काढण्याची करामत त्यांनी लोकांना व्हिडिओवर दाखवली, काहींना एकदा तर काहींना वीस वेळा. ज्यांनी अनेकदा पाहिलं त्यांना ‘हे आपल्याला जमेल’ याची खात्री वाढत गेली. अशा कौशल्यांची प्रत्यक्ष चाचणी घेतली तेव्हा मात्र वारंवार पाहणाऱ्यांचं कसब वाढलेलं नव्हतं. गणिताचं व्याख्यान याच जातीचं असतं. सर फळ्यावर पायरीमागून पायरी लिहितात, प्रत्येक पायरी पटते, कुठेच खटकत नाही, आणि प्लेलिस्ट दुप्पट वेगाने संपवून मुलगा निर्धास्त झोपतो. पुढची पायरी कोणती घ्यायची हा निर्णय सरांनी घेतलेला असतो. परीक्षेत नेमका तोच निर्णय त्याला घ्यायचा असतो. हे वर्गातही घडतं, नाही असं नाही. पण वर्गात निदान पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘सर, हे कसं आलं?’ म्हणतो आणि बाकीच्यांना कळतं की आपल्यालाही ते आलेलं नाही.

यावर ऑनलाइनवाले म्हणतात की आम्ही नुसते व्हिडिओ देत नाही, दर आठवड्याला गणितं देतो आणि संगणक ती तत्काळ तपासतो. ही सोय मोलाची आहे. उत्तर चुकल्याचं त्याच मिनिटाला कळणं आणि तीन आठवड्यांनी कळणं यात फार फरक पडतो. पण संगणक बहुतेक वेळा शेवटचं उत्तर पाहतो, आणि इथेच गोम आहे. एक उदाहरण घेऊ. लिमिट शिकवताना हमखास येणारी ही पदावली: अंशात क्ष² − ९, छेदात क्ष − ३. हिचं सोपं रूप द्या. योग्य रीत अशी की अंशाचे (क्ष − ३) आणि (क्ष + ३) असे अवयव पाडायचे, क्ष ३ नाही एवढं लक्षात ठेवून (क्ष − ३) काटायचा, उरतो क्ष + ३. आता दुसरा मुलगा काय करतो पाहा. तो क्ष² खालच्या क्षने काटतो, क्ष राहतो. ९ खालच्या ३ने काटतो, ३ राहतात. वर उणे, खाली उणे, म्हणून चिन्ह अधिक. उत्तर: क्ष + ३. तंतोतंत बरोबर! संगणक हिरवी खूण करतो, पूर्ण गुण देतो. आठवडाभराने समोर येतं क्ष² + ९ भागिले क्ष + ३. तीच काटाकाटी करून तो पुन्हा क्ष + ३ लिहितो. क्षच्या जागी १ घालून बघा: मूळ पदावली १० भागिले ४, म्हणजे अडीच, याचं उत्तर ४. यावर लाल फुली येते आणि पोरगं चक्रावतं, कारण त्याच्या मते त्याने गेल्या आठवड्यात शाबासकी मिळालेलीच रीत वापरली आहे. बेरजेतली पदं सुटी सुटी काटता येत नाहीत, ही समजूत सातवी-आठवीत बसायला हवी होती. ती बसलेली नाही, हे वहीवरून नजर फिरवणाऱ्या शिक्षकाला दहा सेकंदांत दिसतं. उत्तराच्या चौकटीत ते दिसत नाही.

माणसाची सोय केली की काय होतं, याचा दाखलाही सॅन होजेतच आहे. युडॅसिटीच्या आधीच्या सत्रात, २०१२ मध्ये, त्याच विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक सर्किट्सच्या एका वर्गाला एमआयटीची ‘एडएक्स’ या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं घरी बघायला लावली आणि वर्गातला वेळ प्राध्यापकासमोर गणितं सोडवण्यासाठी मोकळा केला. ९१ टक्के पास झाले. नेहमीच्या वर्गात हे प्रमाण साठच्या आतबाहेर असे. तो एकच वर्ग होता, विषयही वेगळा, त्यामुळे त्यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. पण व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा ‘मॅथ एम्पोरियम’ १९९७पासूनचा आहे. एका बंद पडलेल्या डिपार्टमेंटल स्टोअरच्या जागेत पाचशेहून अधिक संगणक मांडले आहेत. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात, आपापल्या गतीने गणितं करतात, आणि अडलं की संगणकावर लाल पेला ठेवतात. फिरता मदतनीस तो पेला पाहून येतो आणि कुठे अडलं ते विचारतो. तंत्रज्ञान तेच, व्याख्यान जवळजवळ नाहीच. पेला पाहून येणारा माणूस मात्र आहे. विल्यम बोवेन यांच्या गटाने सहा सरकारी विद्यापीठ परिसरांत चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी विभागले आणि संख्याशास्त्राचा संगणकाधारित अभ्यासक्रम आठवड्यातून एकदा शिक्षकाच्या भेटीसह चालवून पाहिला. निकाल पारंपरिक वर्गाच्या तोडीस तोड आले. वर्गातला वेळ कमी करता येतो, तो शून्यावर आणला की घोटाळा होतो, असा या सगळ्याचा रोख आहे.

आता सर्वांत रास्त आक्षेप. आपल्या कॉलेजांत तरी वह्या कोण बघतं? ऐंशी मुलांचा वर्ग, फळ्याकडे तोंड केलेले सर, ट्युटोरियलच्या नावाखाली एकमेकांची उतरवलेली सबमिशनं. त्यापेक्षा यूट्यूबवरचे सर शंभरपट बरे, असं मुलं म्हणतात, आणि ती खोटं बोलत नाहीत. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येणं ही केवढी सुटका! हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट बळकट होतो. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३४ टक्के नापास, विद्यार्थ्यांकडून वर्गातच काही करवून घेणाऱ्या वर्गात २२ टक्के. म्हणजे एकतर्फी व्याख्यान समोरासमोरही तोकडंच पडतं. ते कॅमेऱ्यात पकडून घरोघरी पोचवलं तर पोच वाढते, तोकडेपणा तसाच राहतो.

दुसरा आक्षेप गरजेचा. नोकरी करणारा, लहान मूल असलेली आई, तालुक्यापासून चाळीस किलोमीटरवर राहणारी मुलगी यांना कॉलेजचा पर्यायच नाही. त्यांना ऑनलाइनही नाकारायचं का? अजिबात नाही. पण वॉशिंग्टन राज्यातल्या दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या कॉलेजांवरचा शू आणि जॅगर्स या संशोधकांचा अभ्यास इथे डोळ्याआड करता येत नाही. ४० हजारांहून अधिक विद्यार्थी आणि जवळपास पाच लाख अभ्यासक्रम-नोंदी तपासल्यावर त्यांना दिसलं की ऑनलाइनमध्ये सगळेच थोडे मागे पडतात, पण आधीच कमी गुण असलेले, वयाने लहान, पुरुष आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी जास्त मागे पडतात. वर्गात असलेली दरी ऑनलाइनमध्ये रुंदावते. सोय म्हणून दिलेली वस्तू गरजूलाच कमी लागू पडत असेल, तर ती काढून घेण्याऐवजी तिच्यासोबत मदतीची जोड द्यायला हवी.

तिसरं म्हणजे एआय. आता यंत्र पायऱ्याही वाचतं, फोटो काढला की चूक दाखवतं, मग माणूस कशाला, असं विचारलं जातं. यंत्राची ही ताकद खरी आहे, आणि वरची काटाकाटी ते आज पकडूही शकेल. पण त्याला विचारावं लागतं. ज्याला हिरवी खूण मिळाली आहे तो कशाला विचारेल? आणि ज्याला लाल फुली मिळाली तो बहुधा ‘सोडवून दे’ म्हणतो. मग उत्तराची सुबक प्रत हातात पडते आणि टेबलक्लॉथचा व्हिडिओ एकविसाव्यांदा पाहून होतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. आयआयटी आणि आयआयएससी यांचा ‘एनपीटेल’ प्रकल्प २००३चा, केंद्र सरकारचा ‘स्वयम’ मंच २०१७चा. २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयमवरून स्वीकारता येतात. एनपीटेलची रचना पुष्कळ शहाणपणाची आहे: नोंदणी फुकट, दर आठवड्याला मुदतीची असाइनमेंट, तिला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. मुदत आहे, प्रत्यक्ष परीक्षा आहे, म्हणजे दोन गोष्टी जागेवर आहेत. तिसरी राहते. असाइनमेंट बहुतांशी पर्याय निवडण्याची किंवा उत्तर भरण्याची असते आणि तपासणारा संगणक असतो. एआयसीटीईच्या स्वयमविषयक नियमांत त्याचीही सोय लिहून ठेवली आहे: कॉलेजने अशा अभ्यासक्रमासाठी आठवड्याला दोन तास देणारा मार्गदर्शक प्राध्यापक नेमायचा. तुमच्या मुलाने किंवा मुलीने गणिताचा विषय स्वयमवरून घेतला असेल, तर कॉलेजात जाऊन एवढंच विचारा: ते प्राध्यापक कोण, त्यांचे दोन तास टाइमटेबलात कुठल्या वारी आहेत, आणि त्या वेळी वही घेऊन कुठे यायचं?