अंधाराचा धडा

कृत्तिका मोलगीच्या जवळजवळ थेट माथ्यावरून जातात. अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं हे बाजाराचं गाव पावणेबावीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, आणि कृत्तिकांचा पुंजका खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला चोवीस अंशांवर. फरक जेमतेम अडीच अंशांचा. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ माथ्यापासून दोनच अंश दक्षिणेला असतो, रोहिणीभोवतीचा गुच्छ सहा अंश. त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका नऊ अंश उत्तरेला आणि देवयानी दीर्घिका वीस अंश. हिवाळ्यातले हे नामांकित तारकागुच्छ आणि दीर्घिका एकेक करून या गावावरून असे उंचावरून सरकत जातात.

प्रकाश मोजणाऱ्याला या उंचीचं मोल फार आहे, कारण ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना हवा त्यातला हिस्सा कापून घेते. माथ्यावरचा तारा हवेच्या एका जाडीतून दिसतो. तोच क्षितिजापासून तीस अंशांवर आला की जाडी दुप्पट होते. निरभ्र रात्रीसुद्धा माथ्यावरच्या ताऱ्याचा सुमारे पाचवा हिस्सा वाटेत हरवतो. शिवाय ही कपात सगळ्या रंगांत सारखी नसते. निळा जास्त विखुरतो, तांबडा कमी. त्यामुळे कलत चाललेला तारा मंदही होतो आणि तांबूसही. उन्हाळ्यात दक्षिणेला दिसणारा नरतुरंगातला ओमेगा हा प्रचंड गोलाकार गुच्छ मोलगीहून एकवीस अंशांच्या वर चढतच नाही. त्याचा उजेड हवेच्या पावणेतीन जाड्या ओलांडून येतो, आणि त्याच दिशेला खाली तळोदा आणि नंदुरबारचे दिवे असतात. म्हणून खरं मोजमाप करणारा माणूस एकच तारा रात्रभर वेगवेगळ्या उंचीवर मोजतो, हवेने किती घेतलं याचा हिशेब काढतो आणि तेवढं परत जमा करतो.

ताऱ्यांची तेजस्विता प्रतीत सांगतात. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा. ही उतरंड दोन हजार वर्षं जुनी, पण तिला गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉगसन यांनी, 1856 साली ऑक्सफर्डला. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पट फरक, असं त्यांनी ठरवलं. मग एका प्रतीचा फरक 2.512 पट होतो. पॉगसन 1861 मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि 1891 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या दुर्बिणी आजही ज्या मापात बोलतात, ते माप घालून देणाऱ्या माणसाने आयुष्याची शेवटची तीस वर्षं भारतीय आकाशाखाली काढली, हे आपल्या शाळांतून सांगितलं गेलं पाहिजे.

या मापाचा वापर करायला यंत्र लागतंच असं नाही. कृत्तिकांमधला सगळ्यात तेजस्वी तारा 2.9 प्रतीचा आहे आणि सहावा सुमारे 4.3 चा. बहुतेकांना सहाच दिसतात ते म्हणून. त्यापुढचे 5.1, 5.5, 5.8 असे उतरत जातात. चंद्र नसलेल्या रात्री, वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावल्यावर कुणाला आठ-नऊ मोजता आले, तर तिथलं आकाश साडेपाच-पावणेसहा प्रतीपर्यंत उघडं आहे हे कळलं. इथे गुच्छच मोजपट्टी होतो.

दीर्घिकेच्या बाबतीत मामला अवघड होतो. देवयानीची एकूण प्रत 3.4. हा सगळा उजेड एका बिंदूत असता, तर शहराच्या कडेवरूनही ती दिसली असती. पण तो आकाशात तीन अंशांवर पसरलेला आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत एवढ्या लांबीवर. म्हणून खगोलशास्त्रज्ञ दर चौरस विकलेमागे किती उजेड येतो ते मोजतात. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. देवयानीचा उजेड तिच्या सगळ्या विस्तारावर सारखा वाटला, तर दर चौरस विकलेला तो सुमारे 22 प्रतीचा येतो. आता पृथ्वीवरचं काळ्यात काळं आकाश घ्या. तेही पूर्ण काळं नसतं. वरच्या हवेची स्वतःची मंद चकाकी, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतणारा उजेड, वेगळे न दिसणारे असंख्य तारे, हे सगळं मिळून तेही दर चौरस विकलेला सुमारे 22 प्रतीचं भरतं.

म्हणजे उत्तमातल्या उत्तम जागीसुद्धा दीर्घिका आणि तिच्या पुढ्यातलं आकाश सरासरीने सारखंच उजळ. कडेला तर आकाशच वरचढ. दीर्घिकेची कड कुठे मानायची, यासाठी 25 प्रतीची रेषा वापरण्याचा प्रघात आहे. त्या रेषेवर काळ्याशार आकाशाचा उजेड दीर्घिकेच्या सोळा पट असतो. मोठ्या शहरात आकाश 18 प्रतीचं असतं आणि तिथे हाच आकडा सहाशे तीस पट होतो.

मोलगीच्या बाजारात भगर किंवा आमचूर भांड्यातून मोजायचं तर आधी भांड्याचा धडा करतात, म्हणजे दुसऱ्या पारड्यात रिकाम्या भांड्याइतकं वजन घालतात. दीर्घिकेचं मोजमाप म्हणजे मूठभर मालासाठी मणाच्या भांड्याचा धडा करणं आहे. कॅमेऱ्यात दीर्घिका आणि आकाश एकत्रच उतरतात. शेजारच्या मोकळ्या आकाशाचा उजेड मोजून तो वजा करावा लागतो, उरतं ते दीर्घिकेचं. आकाश मोजण्यात शंभरात एकाची चूक झाली असं धरा. काळ्या आकाशाखाली त्या चुकीने कडेच्या मापात सोळा टक्क्यांचा फरक पडतो. शहरात तीच चूक मोजायच्या वस्तूच्या सहा पट होते. महागडी दुर्बीण, थंड केलेला सीसीडी कॅमेरा, संगणक, यांपैकी काहीही ही तूट पुरती भरून देत नाही. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अंधार हे स्वतःच एक उपकरण आहे, आणि ते सातपुड्याच्या या भागाकडे अजून आहे.

इथला सणांचा फेरा हेच दाखवतो. काठी गावची राजवाडी होळी पौर्णिमेची. रात्रभर ढोल, नाच, आणि पहाटे होळी पेटते. तेव्हा चंद्राने धुतलेल्या आकाशात देवयानीसारखी दीर्घिका शोधायला जाऊ नये. अस्तंब्याची यात्रा मात्र धनत्रयोदशीच्या सुमारास, अमावास्येच्या तोंडावर. 1325 मीटर उंचीचं ते शिखर रात्री चढणाऱ्यांच्या डोक्यावर नऊ-दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका आलेली असते, आणि विजेऱ्या क्षणभर विझवल्या तर ती करड्या ढगासारखी दिसते. करडी यासाठी की मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. रंग तिथे असतो, आपल्याला तो कळत नाही.

तो काढायची रीत साधी आहे. कॅमेऱ्यापुढे एकदा निळा फिल्टर लावून प्रत मोजायची, एकदा पिवळसर-हिरवा लावून, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. येणारी संख्या म्हणजे वर्णनिर्देशांक. हॅरॉल्ड जॉन्सन आणि विल्यम मॉर्गन यांनी 1953 मध्ये या फिल्टरांची पद्धत पक्की केली. अभिजितचा निर्देशांक शून्य येतो, सूर्याचा 0.65, तांबूस रोहिणीचा 1.54. निळ्या ताऱ्यांचा शून्याच्याही खाली जातो. रंग म्हणजे पृष्ठभागाचं तापमान. जितका निळा, तितका तप्त.

एका ताऱ्याचा रंग तापमान सांगून थांबतो. गुच्छाचे रंग त्याचं वय सांगतात. एका गुच्छातले तारे एकाच ढगातून, एकाच सुमारास जन्मलेले आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात. त्यांतले जड, निळे तारे इंधन उधळतात आणि आधी संपतात. तेव्हा ताऱ्यांची प्रत आणि रंग यांचा आलेख काढला, की निळ्या बाजूने तो कुठवर झिजला आहे यावरून वय निघतं. आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी 1911 मध्ये असे आलेख छापले ते नेमके कृत्तिका आणि रोहिणी यांच्या गुच्छांचे. कृत्तिकांमध्ये निळे तारे अजून शाबूत आहेत. वय दहा-बारा कोटी वर्षं. रोहिणीच्या गुच्छात ते संपले आणि काही नारिंगी राक्षसी तारे उरले. वय पासष्ट कोटींच्या आसपास. (खुद्द रोहिणी तारा मात्र त्या गुच्छातला नाही. तो 65 प्रकाशवर्षांवर, वाटेतच उभा आहे.)

याच आलेखांतून अंतरही निघतं. दोन्ही गुच्छांतले सूर्याच्या रंगाचे तारे निवडा. कृत्तिकांमधला असा तारा रोहिणीच्या गुच्छातल्या ताऱ्यापेक्षा सुमारे 2.3 प्रतींनी मंद भरतो, म्हणजे आठ पटींहून थोडा जास्त मंद. अंतर वाढलं की उजेड त्याच्या वर्गाने घटतो, म्हणून आठाचं वर्गमूळ घ्या: कृत्तिका जवळजवळ तिप्पट दूर. रोहिणीचा गुच्छ 153 प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे कृत्तिका 440 च्या आसपास. हे उत्तर बरोबर आहे. शाळेतल्या वजाबाकीने आणि वर्गमुळाने एवढं अंतर हाताशी येतं, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

दीर्घिकेत तारे सुटे दिसत नाहीत, तिचा रंग सगळ्यांचा मिळून असतो. देवयानीचा निर्देशांक 0.9 च्या आसपास, त्रिकोणातल्या दीर्घिकेचा 0.55. देवयानीत जुन्या, नारिंगी ताऱ्यांचं बळ जास्त. त्रिकोणातलीत अजून जोमाने नवे, निळे तारे जन्मताहेत. मधल्या धुळीनेही रंग तांबूस होतो, तेव्हा तिचाही हिशेब धरावा लागतो.

महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण 1912 मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसवायची ठरवली, तेव्हा ती पुण्यात न ठेवता सुमारे 80 किलोमीटर दूर, गिरवलीच्या डोंगरावर नेली. 2006 पासून ती तिथे आहे. शहराच्या दिव्यांपासून पळणं हा तेव्हाच दुर्बिणीच्या खर्चाचा भाग झाला होता.

अगदी ताजं उदाहरण 2025 चं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका हुडकली आणि तिचं नाव अलकनंदा ठेवलं. विश्वाचं वय दीडशे कोटी वर्षं होतं, तेव्हा तिथून उजेड निघाला. तिचं अंतर, तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान आणि नवे तारे जन्मण्याचा वेग, हे सारं वेगवेगळ्या फिल्टरांमधून मोजलेल्या उजेडावरून काढलं. त्यासाठी एकवीसपर्यंत फिल्टर हाताशी होते. इतक्या दूरच्या दीर्घिकेचा लघुलहरींचा उजेड वाटेतला हायड्रोजन गिळतो, म्हणून एका ठरावीक फिल्टरखाली ती दिसेनाशी होते. कुठल्या फिल्टरखाली, यावरून अंतर कळतं. वर्षाला सुमारे साठ सूर्यांएवढे तारे ती घडवत होती. कृत्तिकांसाठी दोन फिल्टर आणि अलकनंदेसाठी एकवीस, वजाबाकी तीच.

जमिनीवरून ही वजाबाकी करायची तर काळं आकाश हवं, म्हणून मोलगीच्या दिव्यांबद्दल बोलायला हवं. इथल्या पाड्यांवर वीज उशिरा आली आणि ती हवीच होती. मुलांना अभ्यासाला, दवाखान्याला, पायवाटेला उजेड लागतो. पण जो उजेड आकाशात जातो, तो पायवाटेवर पडत नाही. दिव्याला वरून झाकण असावं, तोंड जमिनीकडे असावं, आणि रंग पांढराफटक नसून पिवळसर असावा, कारण निळा भागच हवेत सर्वाधिक विखुरतो. यात विजेची बचतच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. नंदुरबारच्या सातपुड्यानेही हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो हायमास्ट खांब उभे राहण्याआधी व्हावा.

तोवर इथल्या एखाद्या आश्रमशाळेत करता येण्याजोगं काम आहे. तिपाईवर ठेवलेला साधा डीएसएलआर कॅमेरा, काही सेकंदांची छायाचित्रं, चंद्र नसलेली जानेवारीतली संध्याकाळ. कृत्तिका आणि रोहिणीचा गुच्छ दोन्ही वर असतात. प्रत्येक गुच्छातले विसेक तारे निवडायचे. छायाचित्रातला निळा आणि हिरवा भाग वेगळा करणारी संगणक प्रणाली फुकट मिळते. ती प्रत्येक ताऱ्याचा आकडा देते आणि शेजारच्या आकाशाचाही. आकाश वजा करायचं, दोन्ही रंगांतल्या प्रतींचा फरक काढायचा, आणि चौकटीच्या वहीवर आडव्या रेषेवर रंग, उभ्या रेषेवर प्रत मांडायची. हर्ट्झस्प्रुंगचे 1911 चे दोन्ही आलेख त्याच पानावर निघतात.