शून्याचीही नोंद हवी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गुरांच्या रोगांवर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी दावणीला जनावर आहे आणि कित्येकांची फी दुधाच्या पैशांतूनच भरली जाते. दुभती गाय दगावली की अशा घराचे वर्षाचे गणित कोलमडते. म्हणूनच आकडेवारीसारखी रुक्ष गोष्ट त्या गायीला कशी वाचवू शकते, हे येथे थोडक्यात मांडावेसे वाटते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुळकांडी. प्रथम ताप, मग तोंडात व्रण, हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असा या रोगाचा क्रम. गोठेच्या गोठे तो रिकामे करी. गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. साथी पुष्कळच कमी झाल्या, पण रोग समूळ गेला नाही. किती जनावरांना लस टोचली हा आकडा हाती होता. रोग नेमका कोठे दडून बसला आहे, हे मात्र कळत नव्हते.

ही उणीव पुढे गावोगावच्या शोधाने भरून काढली. कर्मचारी गावांत आणि गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर चौकशी करीत. 'रोग आढळला नाही' हे उत्तरही ते लिहून ठेवीत. मला यातले खरे मर्म येथेच दिसते. अहवाल न येणे आणि रोग नसल्याचा अहवाल येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोरा कागद म्हणजे शून्य नव्हे!

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर ती लसीमुळे की रोगामुळे, हे ओळखता येत नसे. त्यामुळे रोग खरोखर गेला आहे, हे सिद्ध करण्यासाठी लस बंद करावी लागली. भारतातील शेवटची साथ १९९५ सालची. २००६ साली देश या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

आज गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. लाळ-खुरकुताची लस केव्हा दिली, हे त्या क्रमांकावर नोंदवले जाते. समजा, एखाद्या गावात हा रोग आला. आजारी जनावरे लस न दिलेली निघाली, तर टोचणीतून कोण सुटले ते शोधायचे. नुकतीच लस दिलेली निघाली, तर लस थंड राहिली होती का, किंवा विषाणूचा प्रकार बदलला का, हे तपासायचे. नोंद नसेल तर डॉक्टरांनी केवळ तर्क करावा, आणि शेतकऱ्याने दैवाला दोष द्यावा, एवढेच उरते.

परंतु नोंद यंत्र करीत नाही, माणूस करतो. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची साथ आली, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले. रोग कळवला तर आपले जनावर विकले जाणार नाही, ही भीती शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक होते. शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३०,००० आणि बैलासाठी २५,००० रुपये मदत ठरवली. मदतीचा एक उपयोग असाही, की रोग लपवण्याचे कारण थोडे कमी होते. ज्याच्याकडून माहिती हवी, त्याला ती देण्यात तोटा होऊ नये, हा आकडेवारीचा पहिला नियम म्हणावा लागेल.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. सुटीत घरी गेल्यावर आपल्या जनावरांच्या बिल्ल्यांचे क्रमांक, लसीच्या तारखा आणि आजारपणे एका वहीत लिहून ठेवा. काहीच झाले नसेल, तर तेही लिहा.