चिक्की, साखर आणि मांजरसुंब्याचा घाट

२००१ च्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांचा होतो. महिनाभरात अंगावरचे कपडे ढगळ झाले, रात्रीतून चार-चारदा उठावं लागायचं आणि माठ मी एकटाच रिकामा करायचो. निदान झालं, टाइप वन डायबेटिस. डॉक्टरांनी लाल टोपीची सिरिंज हातात दिली, चाळीसच्या बाटलीतून इन्सुलिन कसं ओढायचं ते शिकवलं आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "खेळबिळ आता बंद." शाळेत सरांनी दया दाखवली. पुढची दोन वर्षं कबड्डीच्या मैदानाबाहेर वही घेऊन मी गुण मांडत बसलो.

फार पुढे कळलं, की लंडनमधले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ सालीच लिहून ठेवलं होतं: व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम वाढतो. ते स्वतः डायबेटिक होते, नव्यानं निघालेल्या इन्सुलिनमुळे वाचलेले. म्हणजे माझ्या हातात वही आली त्याच्या पंचाहत्तर वर्षं आधी उत्तर तयार होतं: डोस आणि खाणं बदला. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचायचं होतं, एवढंच.

माझ्यापर्यंत आधी पोचला तो वसीम अक्रम. त्याला १९९७ साली तिशीत डायबेटिस निघाला, हे कुठल्याशा क्रीडापानावर वाचलं आणि कात्रण इन्सुलिनच्या डब्यात ठेवलं. मार्च २००३ मध्ये सेंच्युरियनला सचिननं ९८ केले, त्या रात्री गल्लीत फटाके फुटले. मीही फोडले. पण मॅचभर माझी नजर अक्रमच्या हातांवर होती, थरथरतात का ते बघत. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याच वर्षी हट्ट करून मैदानात उतरलो आणि गणित काही केल्या जुळेना. सकाळी सातला घेतलेल्या मिक्स इन्सुलिनमधला संथ भाग नेमका दुपारी जोर धरायचा, आणि खेळाचा तास तेव्हाच. त्यात सुई मांडीत. पळणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं, हे १९७८ सालीच सिद्ध झालेलं. मला ते माहीत नव्हतं. घाम फुटायचा, ओठ बधिर व्हायचे, समोरचे खेळाडू दोन-दोन दिसायचे.

आईनं यावर शेंगदाण्याची चिक्की काढली. खिशात दोन वड्या कायम. चिक्की पौष्टिक खरी, पण साखर लो झालेल्या पोरासाठी चुकीची: शेंगदाण्यातलं तेल पचन रेंगाळत ठेवतं, गूळ रक्तात पोचायला वेळ लागतो. तिथं लागते ती नुसती साखर, तीन चमचे, पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चिक्की चालते ती लांब पळायच्या आधी किंवा नंतर. हा फरक समजायला आम्हाला चार वर्षं लागली, आणि ती चार वर्षं आई स्वतःच्या हातची चिक्की देत होती म्हणून मी खात होतो.

सगळ्यात मोठा फटका २००५ च्या तालुका स्पर्धेत बसला. शेवटच्या पाच मिनिटांत मी तीन चढाया केल्या. घरी येऊन बोट टोचलं तर २८७. पळालो तर साखर उतरायला हवी, ही चढली कशी? घाबरून चार युनिट जादा घेतलं. प्रत्यक्षात झालं होतं असं, की चढाईतल्या चुरशीनं अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळलं आणि यकृतानं साठवलेली साखर रक्तात ओतली. तासा-दोन तासांत ती बहुतेकदा आपोआप खाली येते. रात्री तर दमलेले स्नायू आपला रिकामा साठा भरायला साखर ओढत राहतात. त्यावर माझं चार युनिट. मध्यरात्री दोनला आईला माझ्या दातांचा आवाज ऐकू आला. तिनं साखर बोटानं हिरड्यांना चोळली. आजी दारात उभी राहून नुसती म्हणत होती, "आरं डोळे उघड की रं."

त्यानंतर आई माझ्या खोलीतच झोपू लागली.

साखर तपासायच्या पट्ट्या मोजून मिळायच्या, दिवसाला एक. धाडसाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. पट्टी घेऊन देणारा एकच मामा. लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रिज म्हणजे कपाट होतं, म्हणून बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात राहायची. पुढे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान' संस्थेबद्दल कळलं. टाइप वनच्या मुलांसाठी मराठवाड्यात कुणी काम करतंय, हेच मला नवं होतं.

इथं एक गोष्ट खटकते. व्यायामाच्या माहितीपत्रकांत पोहणं असतं, सायकल असते, कोयता नसतो. आमच्या जिल्ह्यातनं दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघतात, पहाटेपासून तोडायचं, मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीत. असं काम करणाऱ्याला टाइप वन असेल तर त्याचा रोजचाच दिवस मॅरेथॉनचा. त्याचा डोस शहरी खुर्चीच्या हिशेबानं लिहून कसा चालेल? मुकादमाला "थांब, शुगर बघतो" म्हणणंही सोपं नाही.

२०२२ मध्ये आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रौप्य घेतलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद. पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं सोळाशे मीटर पळत असतातच. त्यांच्या मागं मीही लागलो, बत्तिसाव्या वर्षी. आता दंडावर सेन्सर आहे. १२६ ते १८० च्या मधे असलो की निघतो, नव्वदच्या खाली असलो तर आधी खातो, अडीचशेच्या वर असलो तर लघवीत कीटोन बघतो. नाश्त्याआधीचं इन्सुलिन पळायच्या दिवशी निम्मं. पालीकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना सेन्सरवर पूर्ण विश्वास ठेवत नाही: तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, आणि साखर घसरत असताना काही मिनिटं मागं असतो. शेवटी मात्र दहा सेकंद जीव खाऊन पळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा एका झेपेनं नंतरची घसरण काही वेळ रोखता येते. २८७ नं मला घाबरवलं होतं, तीच ही युक्ती. भरतीच्या पोरांना वाटतं, हा गडी आपल्याशी शर्यत लावतोय.

गेल्या रविवारी घाट केला आणि रात्री दोनला फोन वाजला. ७४, बाण खाली. स्वयंपाकघरात अंधारात डबे चाचपत होतो, तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला.

"किती हाय?"

"चौऱ्याहत्तर."

"साखर घे. चिक्की नको."