कार्य-अवलंबन (कार्यप्रवाह नियोजन)

कार्य-अवलंबन म्हणजे कार्यप्रवाहाचे नियोजन करणाऱ्या संगणक प्रणालीत एखादे कार्य कोणत्या अन्य कार्यांनंतर सुरू व्हावे, हे ठरवून देणारा संबंध होय. ज्याची वाट पाहिली जाते त्यास पूर्ववर्ती कार्य, तर जे वाट पाहते त्यास उत्तरवर्ती कार्य म्हणतात. व्यवहारात यांसाठी अनुक्रमे अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम हे शब्द रूढ आहेत. विदासंस्करण, रात्रीची हिशेबजुळणी, सॉफ्टवेअरची बांधणी अशा अनेक ठिकाणी ही संकल्पना वापरली जाते. प्रस्तुत लेखात ती मुख्यतः अपाचे एअरफ्लो या मुक्तस्रोत प्रणालीच्या आधारे स्पष्ट केली आहे.

वेळ आणि क्रम

युनिक्स प्रणालीतील क्रॉन हा आज्ञाक्रम ठरलेल्या वेळी कामे सुरू करतो. त्याला वेळ कळते, क्रम कळत नाही. समजा, एका दुकानसाखळीची दिवसभराची विक्री रात्री १ वाजता सर्व शाखांमधून गोळा केली जाते आणि तिचा अहवाल २ वाजता तयार होतो. येथे गोळा करण्याचे काम तासाभरात संपेल असे गृहीत धरलेले असते. एखाद्या रात्री जाळे मंद असल्याने ते ७० मिनिटे चालले, तरी अहवाल २ वाजताच तयार होईल आणि त्यात काही शाखांची विक्री नसेल. कोठेही त्रुटीसंदेश उमटणार नाही. सकाळी अहवाल वाचणाऱ्यास विक्री घटल्याचे दिसेल, आणि ती खरोखर घटली की मोजलीच गेली नाही, हे त्याला कळण्यास मार्ग नसेल.

दोन कामांमधील अंतर वाढवून अहवाल ३ वाजता ठेवणे हा यावरचा सर्वसाधारण उपाय असतो. त्याने चूक दुर्मिळ होते, नाहीशी होत नाही. शिवाय इतर रात्री प्रणाली विनाकारण थांबून राहते. अवलंबन सांगितल्यास ‘२ वाजता’ या अटीची जागा ‘संकलन यशस्वीपणे संपल्यावर’ ही अट घेते.

पूर्वपीठिका

कामांचे परस्परावलंबन जाळ्याच्या रूपात मांडण्याची पद्धत संगणकीय नियोजनाहून वेगळ्या क्षेत्रात रुजली. इ.स. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट, तर ड्यूपाँ या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथ ही पद्धत विकसित झाली. जाळ्यातील सर्वांत दीर्घ मार्गच संपूर्ण प्रकल्पाचा किमान कालावधी ठरवतो, ही त्यांतील मूळ कल्पना आजच्या विदाप्रवाहांनाही जशीच्या तशी लागू पडते. त्या मार्गाबाहेरचे कार्य कितीही वेगवान केले, तरी अहवाल लवकर मिळत नाही.

बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेला मेक हा आज्ञाक्रम कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे वाचून आवश्यक तेवढीच बांधणी करतो. एअरफ्लोची सुरुवात २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत मॅक्सिम बोशमिन यांनी केली. २०१६ मध्ये हा प्रकल्प अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या इन्क्युबेटरमध्ये दाखल झाला आणि २०१९ मध्ये त्यास उच्चस्तरीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

आलेखरूप

कार्ये म्हणजे बिंदू आणि अवलंबने म्हणजे बाण मानल्यास संपूर्ण कार्यप्रवाह एक आलेख होतो. यातील बाणांना दिशा असते आणि बाणांच्या मागे जात पुन्हा त्याच बिंदूवर येता येत नाही. अशा आलेखास दिशायुक्त चक्रहीन आलेख किंवा आद्याक्षरांवरून ‘डॅग’ म्हणतात. चक्र वर्ज्य असण्याचे कारण सरळ आहे: क हे ख ची आणि ख हे क ची वाट पाहू लागले, तर दोन्ही कधीच सुरू होणार नाहीत.

आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रीतीने योग्य क्रम शोधता येतो आणि चक्रही पकडता येते. ज्या बिंदूकडे एकही बाण येत नाही तो उचलावा, त्यापासून निघणारे बाण पुसावेत आणि हीच क्रिया पुन्हा करावी. बिंदू शिल्लक असूनही उचलण्याजोगा एकही मिळाला नाही, तर आलेखात चक्र आहे.

असा क्रम बहुधा एकच नसतो. पुरणपोळी करताना डाळ शिजत असतानाच कणीक भिजवता येते. पुरण आणि कणीक दोन्ही तयार झाल्याशिवाय मात्र पोळी लाटता येत नाही. डाळ आणि कणीक यांच्यामध्ये बाण नाही, म्हणून ती कामे समांतर होऊ शकतात. गरज नसताना काढलेला बाण चुकीचे उत्तर देत नाही, पण वेळ वाया घालवतो. गरज असताना न काढलेला बाण याहून घातक ठरतो, कारण बहुतेक दिवशी कामे योगायोगाने योग्य क्रमानेच होतात.

एअरफ्लोमधील मांडणी

एअरफ्लोमध्ये आलेख पायथन भाषेत लिहितात आणि अवलंबन दुहेरी कोनचिन्हाने दाखवतात:

संकलन >> [शुद्धीकरण, पडताळणी] >> अहवाल

याचा अर्थ असा की संकलनानंतर शुद्धीकरण व पडताळणी ही दोन्ही कार्ये समांतर चालू शकतात आणि दोन्ही यशस्वी झाल्यावरच अहवाल सुरू होतो. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात.) उलट दिशेचे चिन्ह वापरल्यास संबंधही उलटा वाचला जातो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना यादी मात्र चालत नाही, कारण पायथनच्या मूळ यादीला या चिन्हाचा अर्थ ठाऊक नसतो. त्यासाठी एअरफ्लोत वेगळे फलन दिलेले आहे.

ट्रिगर नियम

सर्व पूर्ववर्ती कार्ये यशस्वी झाली तरच पुढील कार्य सुरू करावे, हा ‘ऑल सक्सेस’ नियम एअरफ्लोत मुळातच गृहीत धरलेला असतो. तो बदलता येतो. ‘ऑल डन’ या नियमात पूर्ववर्ती कार्ये संपणे पुरेसे असते, मग ती यशस्वी असोत वा अयशस्वी. ‘वन फेल्ड’ नियमाचे कार्य एखादे पूर्ववर्ती कार्य फसताच सुरू होते आणि ते प्रामुख्याने इशारा पाठवण्यासाठी वापरतात.

प्रवाहाला फाटे फुटतात तेथे नवशिके हमखास अडखळतात. दोन फाट्यांपैकी एकच निवडला गेला की दुसऱ्यातील कार्ये ‘वगळलेली’ म्हणून नोंदली जातात. दोन्ही फाटे जेथे पुन्हा मिळतात त्या कार्यावर मूळ नियमच राहिला, तर वगळलेपण पुढे पसरते आणि तेही कार्य वगळले जाते. अशा संगमावर, एकही पूर्ववर्ती कार्य फसलेले नसावे आणि किमान एक यशस्वी असावे, अशा अर्थाचा नियम लावावा लागतो.

यशस्वी दिसणारे अपयश

याहून गंभीर प्रकार आवराआवर करणाऱ्या कार्यांमुळे घडतो. तात्पुरत्या फाइली पुसण्याचे काम अपयशानंतरही व्हायला हवे, म्हणून ते साखळीच्या शेवटी ‘ऑल डन’ नियमाने जोडतात. परंतु एअरफ्लो संपूर्ण धावेची स्थिती आलेखाच्या टोकावरील, म्हणजे ज्यांच्यापुढे काहीच नाही अशा कार्यांवरून ठरवते. अहवाल फसला, त्यानंतर आवराआवर सुरळीत झाली, आणि टोकावर तेवढेच कार्य असेल, तर धाव यशस्वी म्हणून हिरव्या रंगात दिसते. अहवालापासून टोकाकडे आणखी एक स्वतंत्र शाखा काढून हे टाळता येते. २.७ या आवृत्तीपासून उभारणी आणि आवराआवर यांसाठी खास प्रकारची कार्ये उपलब्ध आहेत. त्यांतील आवराआवरीचा निकाल धावेची स्थिती ठरवताना मुळात धरला जात नाही.

नियोजकाच्या दृष्टीने ‘यश’ म्हणजे आज्ञाक्रम त्रुटीविना संपणे, एवढेच. रिकामी फाइल आणणारे संकलनही यशस्वीच ठरते. त्यामुळे ओळींची संख्या किंवा तारीख तपासणारे पडताळणीचे कार्य अहवालाच्या समांतर नव्हे, तर त्याच्या आधी जोडणे आवश्यक असते.

धावांमधील आणि आलेखांमधील अवलंबन

काही कार्ये स्वतःच्याच आदल्या धावेवर अवलंबून असतात. आजची अखेरची शिल्लक काढण्यास कालची शिल्लक लागते. अशा कार्यास तशी खूण केल्यास आदली धाव फसलेली असेपर्यंत नवी सुरू होत नाही. साहजिकच एका दिवसाचे अपयश पुढील सर्व दिवस अडवून धरते.

दुसऱ्या आलेखातील कार्याची वाट पाहण्यासाठी संवेदक वापरतात. हा संवेदक मुळात आपल्याच तार्किक वेळेची धाव शोधतो. एक आलेख १ वाजताचा आणि दुसरा २ वाजताचा असल्यास जुळणारी धाव त्याला सापडत नाही, आणि मुदत संपेपर्यंत तो वाट पाहत राहतो. म्हणून वेळेतील फरक स्पष्टपणे सांगावा लागतो. २०२२ मधील २.४ या आवृत्तीने विदासंचावर आधारित नियोजन आणले. त्यात पहिला आलेख विदासंच अद्ययावत झाल्याचे नोंदवतो आणि त्या नोंदीवरून दुसरा सुरू होतो, त्यामुळे दोघांच्या वेळा जुळवण्याची गरज उरत नाही.