आवाजाची दिशा लिहायची कशी, वाचायची कशी : अँबिसॉनिक्सची ओळख

संगणक-संगीतात आवाज श्रोत्यांभोवती फिरवायचा असेल तर सरळ उपाय काय? आठ स्पीकर गोलात मांडायचे, आठ ट्रॅक करायचे आणि एकेक ट्रॅक एकेका स्पीकरला जोडायचा. चालतं हे. पण तीच रचना दुसऱ्या गावी नेली आणि तिथे चारच स्पीकर असले, तर? सगळं मिक्सिंग पुन्हा करायचं. आणि करणारा माणूसच हयात नसेल, तर ती रचना मुळात कशी ऐकू यायची हे कुणालाच कळणार नाही. अँबिसॉनिक्स हा या अडचणीवरचा उपाय आहे.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये हे तंत्र आकाराला आलं. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गर्झन आणि रेडिंग विद्यापीठातले पीटर फेलगेट ही त्यातली प्रमुख नावं. तेव्हा क्वाड्राफोनिक रेकॉर्डचं वारं होतं. चार चॅनेल म्हणजे चार स्पीकर, असा साधा हिशेब. गर्झन यांनी तो हिशेब मोडला. चॅनेलमध्ये स्पीकरचा आवाज साठवायचाच नाही. श्रोत्याच्या जागी आवाज कोणत्या दिशेनं येतो, ते साठवायचं. स्पीकर किती, कुठे, हे नंतर बघू.

आता दिशा साठवायची म्हणजे काय करायचं? चार चॅनेल घ्या. डब्ल्यूमध्ये नुसता आवाज, दिशेशिवाय. एक्समध्ये पुढे-मागे, वायमध्ये डावीकडे-उजवीकडे, झेडमध्ये वर-खाली. याला बी-फॉरमॅट म्हणतात. समजा, तबल्याचा एक ठोका आहे आणि तो समोरून डावीकडे ४५ अंशांवर ठेवायचाय. उंची शून्य. मग ठोक्याला ४५च्या कोसाइननं गुणलं की एक्स मिळतो, साइननं गुणलं की वाय. दोन्ही ०.७०७. झेड शून्य. डब्ल्यूला जुन्या पद्धतीत नेहमीच ०.७०७नं गुणतात. झालं एन्कोडिंग! ठोका फिरवायचा असेल तर कोन बदलत न्यायचा, बाकी काही नाही. आणि पन्नास आवाज असले तरी ते याच चार चॅनेलमध्ये मिळवायचे. चॅनेल वाढत नाहीत.

आता डिकोडिंग. चौकोनात चार स्पीकर आहेत : पुढे डावा, मागे डावा, मागे उजवा, पुढे उजवा. प्रत्येक स्पीकरला डब्ल्यूचा ठरावीक वाटा द्यायचा आणि त्याच्या स्वतःच्या दिशेनुसार एक्स-वायचा वाटा मिळवायचा. आपल्या ठोक्यासाठी आकडे असे येतात : पुढे डावा ०.७५, मागे डावा ०.२५, पुढे उजवा ०.२५ आणि मागे उजवा उणे ०.२५.

हे उणे कुठून आलं? बेरीज करून बघा : ०.७५ अधिक ०.२५ अधिक ०.२५ वजा ०.२५, म्हणजे बरोबर १. मध्यबिंदूवर हवेचा दाब मूळ आवाजाइतकाच. आता दिशा बघू. मागचा डावा आणि पुढचा उजवा समोरासमोर आहेत, समान आहेत. त्यांचे ढकलणे एकमेकांना खोडते. पुढचा डावा तिकडून ढकलतो आणि मागचा उजवा उलट्या बाजूनं ओढतो, ०.७५ आणि ०.२५ मिळून पुन्हा १. म्हणजे मध्यभागी दाबही बरोबर, दिशाही बरोबर. चारही स्पीकर मिळून काम करतात, हे इथलं मर्म आहे.

पण हे मध्यभागीच. सभागृहात लोक सगळीकडे बसतात. मागच्या उजव्या स्पीकरशेजारी बसलेल्याला तो उलटा आवाजच आधी आणि मोठा ऐकू येईल! मोठ्या जागेसाठी म्हणून एक सौम्य डिकोडर वापरतात. त्यात आकडे ०.५, ०.२५, ०.२५ आणि ० असे होतात. उणे गेलं, कडेच्या लोकांची सोय झाली; पण दिशा थोडी पसरट झाली. शिवाय उंच स्वरांत तरंगलांबी लहान असते, डोकं जरा हललं तरी मध्यबिंदूचा हिशेब टिकत नाही. म्हणून चांगले डिकोडर साधारण ७०० हर्ट्झच्या खाली एक प्रमाण वापरतात आणि वर दुसरं.

दिशा अधिक नेमकी हवी असेल तर वरची श्रेणी घ्यायची. पहिल्या श्रेणीत ४ चॅनेल, दुसरीत ९, तिसरीत १६. स्पीकरही त्या मानानं जास्त लागतात.

सीसाउंड वापरणाऱ्यांसाठी सांगतो. त्यात एन्कोडिंगला 'बीफॉर्मएन्क१' आणि डिकोडिंगला 'बीफॉर्मडेक१' आहे. दुसऱ्याला मांडणीचा एक आकडा द्यायचा : २ म्हणजे चौकोन, ४ म्हणजे अष्टकोन, ५ म्हणजे घन. रचना तीच, फक्त आकडा बदलला.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. जुन्या फर्स-मॅलहॅम पद्धतीत चॅनेलचा क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असतो. हल्लीच्या अँबिएक्समध्ये तो डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असतो आणि डब्ल्यूची पातळीही वेगळी. जुनी फाइल नव्या डिकोडरला तशीच दिली तर समोरचा आवाज डावीकडे जातो, डावीकडचा डोक्यावर चढतो आणि वरचा समोर येतो. कुठलीही सूचना येत नाही. संगीत वाजतच राहतं, फक्त चुकीचं. तेव्हा फाइलच्या नावातच पद्धत आणि श्रेणी लिहून ठेवा. स्पीकर बदलतील, सभागृहं बदलतील. पण ही एक ओळ जवळ असली, तर तुमची रचना पुढच्या माणसाला नीट उघडता येईल.

आता प्रश्न घेऊ या.