धरण झालं, बाईच्या हाती काय आलं?

आमच्या मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे १३ दरवाजे उघडले की बघायला ही गर्दी! अमरावती शहर याच धरणाचं पाणी पितं. आपल्याला, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांना, धरण म्हटलं की काँक्रीट, डिस्चार्ज आणि कमांड एरिया आठवतो. पण एक प्रश्न सिलॅबसमध्ये नसतो : विकासाच्या प्रकल्पातून गरीब घरच्या बाईच्या हाती नेमकं काय येतं? याचं उत्तर तीन गोष्टींत शोधता येतं.

पहिली गोष्ट नाव. प्रकल्पात जमीन गेली की मोबदला सातबारावर ज्याचं नाव, त्याला मिळतो. बाई जन्मभर त्याच वावरात निंदण करते, पण कागदावर ती बहुधा नसतेच. म्हणूनच १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपली थोडी जमीन स्वतःहून बायकोच्या नावे केली. सरकारी पैसा न लागता झालेलं हे विकासाचं कामच नाही का?

दुसरी गोष्ट वेळ. समजा, पाण्यासाठी रोज दोन तास जातात. वर्षाचे झाले ७३० तास, म्हणजे आठ तासांचे ९१ दिवस! घराजवळ नळ आला की हे तीन महिने परत मिळतात. पण पाईपलाईन कुठून न्यायची हे ठरवताना पाणी भरणारीला कुणी विचारतं का? २००३ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात सुरू झालेल्या 'जलस्वराज्य' प्रकल्पात गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात, असा नियम होता. तो याचसाठी.

तिसरी गोष्ट पैसा. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, राज्यात बचत गटांचं जाळं उभं केलं. गणित सोपं आहे. १५ बायकांनी महिन्याला १०० रुपये टाकले तर वर्षात १८,००० जमतात. सावकाराकडून ५,००० रुपये महिना ५ टक्क्याने घेतले तर व्याज २५०. गटाकडून २ टक्क्याने घेतले तर १००, आणि तेही गटातच राहतात.

पण बरं का, कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या खिशात आणि हप्ता फेडायला पुन्हा बाईच, असं झालं तर ते सक्षमीकरण नाही, नुसतं ओझं! समितीतही तिची फक्त सही किंवा अंगठा घेतला, तर नियम पाळला जातो, बदल मात्र होत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, उद्या आपण टाकी, रस्ता किंवा संत्र्याचं पॅकिंग युनिट डिझाईन करू, तेव्हा एस्टिमेटसोबत तीन प्रश्न लिहूया : मालकीत तिचं नाव आहे का? तिचा वेळ वाचतो की वाढतो? पैशाचा निर्णय कोण घेतं? ही उत्तरं मिळाल्याशिवाय कम्प्लिशन सर्टिफिकेटवर सही करायची घाई नको.